वहिवाट

घर विकायचं ठरलं तेव्हा जाहिरात लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझं मराठी चांगलं आहे वगैरे कारण नव्हतं. घरातला 'कॉम्प्युटरवाला' मी, एवढंच. बाबा, काका आणि आत्या या तीन मालकांच्या वयांची बेरीज दोनशेच्या घरात जाते. साइटवर अकाउंट उघडणं, फोटो चढवणं, येणाऱ्या फोनना उत्तरं देणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं.

पुण्यात एका रविवारी दुपारी बसून मी टाइप केलं: "गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर, चिरेबंदी कौलारू घर. मागे नारळ-पोफळीचं आगर. स्वतंत्र विहीर, बारमाही पाणी. नूतनीकरणाची गरज."

'नूतनीकरणाची गरज' हा शब्दप्रयोग मी दुसऱ्या जाहिरातींतून उचलला. त्यात फार काही मावतं. आमच्या बाबतीत त्यात मावलं ते असं: पडवीच्या बाजूचे चार वासे वाळवीने आतून पोकळ केलेत, बोटाने दाबलं तर भुगा पडतो. संडास घरापासून वीस पावलांवर, आणि पावसाळ्यात ती वीस पावलं म्हणजे छत्री, टॉर्च आणि देवाचं नाव. माजघरात भर दुपारी दिवा लागतो. वायरिंग आजोबांच्या काळातलं, लाकडी पट्टीवरून नेलेलं. मंगलोरी कौलं दरवर्षी मे महिन्यात परतायला लागतात. गेली तीन वर्षं कुणी परतलेली नाहीत, त्यामुळे स्वयंपाकघरात दोन ठिकाणी पातेली ठेवावी लागतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर हे घर उभं आहे हाच चमत्कार.

पण या सगळ्याबद्दल मला काही वाटलं नाही. घर म्हातारं झालंय, आम्ही तिथे राहत नाही, कुणीतरी पैसा घालून ते जगवणार असेल तर चांगलंच. काकांचा ठाण्यातला छोटा छापखाना लॉकडाउननंतर उघडलाच नाही, डोक्यावर कर्ज आहे. आत्याला ह्या घरातून आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी मिळणार आहे. 'वडिलार्जित वास्तू विकू नये' वाल्या मंडळींनी दरवर्षी कौलं परतायला यावं, मग बोलावं.

अडलं ते दुसऱ्याच शब्दाशी. 'स्वतंत्र विहीर'.

फोटो मी गणपतीत गेलो तेव्हाच काढले होते. विहिरीच्या फोटोत कठड्यावर एक निळी प्लास्टिकची कळशी दिसत होती. बाबांनी फोटो बघितले आणि फोन केला, "बाकी छान आलेत. विहिरीचा तेवढा परत काढ, कळशी बाजूला करून."

ती कळशी आमची नव्हती. वरच्या घरातल्या काकींची होती.

आमच्या घराच्या मागे जमीन चढत जाते. त्या चढावर काकींचं घर आहे. तिथे खालपर्यंत जांभा आहे, विहीर खणायची तर लाखांचं काम, आणि पाणी लागेलच असं नाही. कोकणात एवढा पाऊस पडून उन्हाळ्यात पाण्याची बोंब का, असं पुण्यातले मित्र विचारतात. जांभा सच्छिद्र असतो, जमीन उताराची असते. पाणी मुरतं आणि समुद्राला जाऊन मिळतं. आमची विहीर खालच्या अंगाला असल्यामुळे मे महिन्यातही तळाला हात-दोन हात पाणी असतं. काकी आमच्या आगरातून, पोफळींच्या मधून येणाऱ्या पायवाटेने येतात आणि पाणी नेतात. माझ्या जन्माच्या आधीपासून. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे.

हल्ली त्यांच्या दारात नळ आहे. उन्हाळ्यात त्याला एक दिवसाआड पाणी येतं, कधी दोन दिवसांआड. त्यामुळे नळ असूनही वाट मोडलेली नाही. फोटोतसुद्धा ती दिसते: पाचोळ्यातून गेलेली, पायांनी गुळगुळीत झालेली लाल रेघ.

खरेदीदाराला ती रेघ दिसली. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, पुण्याचाच, होमस्टे काढायचं डोक्यात असलेला माणूस. (सातबाऱ्यावरची जमीन घ्यायला महाराष्ट्रात शेतकरी असावं लागतं. त्याच्याकडे शेतकरी असल्याचा दाखला होता. शेत कधी पाहिलं होतं का ते मी विचारलं नाही.) तो खलनायक नव्हता हे मला आधी सांगून टाकायला हवं. घर पाडणार नव्हता, चिरे तसेच ठेवणार होता, वाशांच्या जागी सागवान घालणार होता. अठ्ठेचाळीस लाख म्हणाला आणि घासाघीसही केली नाही. फक्त विचारलं, "ही वाट कुणाची?"

मी सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "माझ्याकडे गेस्ट राहणार. त्यांच्या खिडकीसमोरून रोज कुणी जाणार-येणार. आणि उद्या विहिरीत कुणी पडलं तर जबाबदार कोण? मी." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तो बरोबर होता. त्याच्या वकिलाने करारनाम्यात घालायला एक वाक्य पाठवलं: सदर मिळकतीतील विहीर, वाट व आगर यांवर कोणाही त्रयस्थ इसमाचा हक्क, दावा अथवा वहिवाट नाही.

वहिवाट. हा शब्द मी लहानपणापासून ऐकतोय, कधी फोडून पाहिला नव्हता. आता त्यात मला ती लाल रेघच दिसायला लागली. शब्दकोशात त्याचा अर्थ वापर, प्रघात, कब्जा असा काहीतरी असतो. मी तो वापर रोज सकाळी खिडकीतून बघत आलो होतो. कमरेवर कळशी, डोक्यावर हंडा, आणि आजीला मारलेली हाक.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे सवयीने आधी डॉक्युमेंटेशन वाचलं. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२. दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा अजून प्रॉडक्शनमध्ये आहे आणि व्यवस्थित चालतो, याबद्दल मला आमच्या धंद्याची थोडी लाज वाटली. त्याचं कलम १५ ढोबळमानाने असं म्हणतं: दुसऱ्याच्या जमिनीतून वाट किंवा त्याच्या पाण्याचा वापर तुम्ही वीस वर्षं शांतपणे, उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून करत आला असाल, तर तो हक्क पक्का होतो. पुढे जमीन कुणीही घेवो.

वाचून मला हायसं वाटलं. वीस काय, तीस वर्षं होऊन गेलीत. म्हणजे काकींचा हक्क आहे, ते वाक्य खोटं आहे, आपण सही करायची नाही, विषय संपला. मी चिपळूणच्या एका वकिलांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बाई पहिल्यांदा यायला लागल्या, त्या तुमच्या घरच्यांना विचारून की न विचारता?"

म्हटलं, विचारूनच असणार.

"मग नाही," ते म्हणाले.

त्या कलमातला सगळा जीव 'हक्क म्हणून' या दोन शब्दांत आहे. तुम्ही मालकाच्या परवानगीने पाणी भरत असाल तर ते हक्काने भरणं होत नाही. ती नुसती मुभा. तीस वर्षं चालली तरी मुभाच. कलम ५२ मध्ये तिची व्याख्या आहे आणि कलम ५९ सांगतं की जमीन विकली गेली की नवा मालक त्या मुभेला बांधील नाही. म्हणजे काकींना 'येऊ नका' असं कुणी म्हणायचीही गरज नाही. आम्ही खरेदीखतावर सही केली की ते आपोआप म्हटलं जाणार.

यातली खोच मला कळायला दोन दिवस लागले. समजा आजी खाष्ट असती. समजा तिने 'आमच्या विहिरीवर पाय ठेवायचा नाही' म्हणून दटावलं असतं, आणि तरीही काकी तिला न जुमानता, भर दिवसा, वीस वर्षं पाणी भरत राहिल्या असत्या, आणि आजीने त्यांना अडवायला प्रत्यक्षात काही केलं नसतं. तर आज काकींची बाजू कितीतरी भक्कम असती. आजी चांगली होती, तिने बोलावलं, म्हणून काकींच्या हातात काही नाही. शेजार जितका गोड, तितका हक्क कच्चा.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा मी काकींना विचारलं. सरळ विचारलं नाही, हे कबूल करतो. चहा पिता पिता म्हटलं, "काकी, तुम्ही आमच्या विहिरीवर यायला लागलात ते कधीपासून? आजीला विचारलं होतं का?"

त्या हसल्या. "विचारायचं कशाला रे बाळा? मी नवीन लग्न होऊन आलेली. लांबच्या विहिरीवरून पाणी आणायची. तुझ्या आजीनंच पडवीतून हाक मारली. म्हणाली, एवढ्या लांब कशाला जातेस, ही विहीर काय माझ्या माहेराहून आणलीय?"

तीस वर्षांहून जुनं ते वाक्य त्यांना शब्दन् शब्द पाठ होतं. त्यांनी ते मला भेट दिल्यासारखं सांगितलं. आणि मी चहाचा कप हातात धरून विचार करत होतो की हे वाक्य कोर्टात त्यांनी उच्चारलं तर त्यांचा दावा तिथेच संपेल.

कठड्याचंही तसंच. एका पावसाळ्यात विहिरीचा कठडा ढासळला तेव्हा काकींच्या यजमानांनी तो पुन्हा बांधला. मुभा घेऊन वापरणाऱ्याने मालकाच्या मुभेवर विसंबून स्वतःच्या खर्चाने कायमस्वरूपी बांधकाम केलं असेल तर ती मुभा मालकाला काढून घेता येत नाही, असंही त्याच कायद्यात एक कलम आहे, साठावं. मी आशेने बाबांना विचारलं. बाबा अभिमानाने म्हणाले, "सिमेंटचे आणि चिऱ्यांचे पैसे मी पाठवले होते ना. त्यांच्याकडून कसे घेणार?" पुन्हा तेच. अंगमेहनत त्यांची, पण खर्च आमचा. आमच्या चांगुलपणाने काकींचा आणखी एक दरवाजा बंद केला.

इथे माझ्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो कायद्याचा नव्हता. कायदा स्पष्ट होता. वकिलाने पाठवलेलं वाक्य जवळजवळ खरं होतं, आणि मला ते खोटं का वाटत होतं हे मला नीट सांगता येत नव्हतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हणून मला आधी हायरमचा नियम आठवला. गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट या इंजिनिअरच्या नावाने तो ओळखला जातो. तुमच्या सिस्टीमचे वापरकर्ते पुरेसे वाढले की तुम्ही काय लिहून दिलंय याला अर्थ उरत नाही. सिस्टीम प्रत्यक्षात जे जे करते, त्या प्रत्येक गोष्टीवर कुणी ना कुणी विसंबून असतं. तुम्ही वचन दिलेलं नसतं. पण ते बदललंत की कुणाचं तरी काहीतरी मोडतं. आमच्याकडे यावर उपाय ठरलेला आहे. आधी जाहीर करायचं की हे बंद होणार आहे, सहा महिने द्यायचे, पर्याय सुचवायचा, मग बंद करायचं. मी स्वतः अशा नोटिसा लिहिल्या आहेत. अनोळखी कंपन्यांतल्या अनोळखी माणसांसाठी. आणि काकींना घर विकतोय हेच कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना ते गावातल्या दुकानात कळलं.

कायदासुद्धा 'सांगणं' या गोष्टीबद्दल अगदीच मुका नाही. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदाही १८८२ चाच. त्याच्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याने मिळकतीतला महत्त्वाचा, सहज न दिसणारा दोष खरेदीदाराला सांगायलाच हवा. म्हणजे पुण्याच्या माणसाला काकींबद्दल सांगणं हे आमचं कर्तव्य ठरू शकतं. काकी दोष, तो हक्कदार. काकींना पुण्याच्या माणसाबद्दल सांगणं हे कुणाचंच कर्तव्य नाही.

मी काकांना फोन केला. म्हटलं, विक्रीआधी आपण काकींना वाटेचा आणि पाण्याचा हक्क रजिस्टर करून देऊ. मालकाने आपणहून लिहून दिलेला हक्क नव्या मालकालाही बांधतो. किंमत थोडी पडेल.

काका शांतपणे म्हणाले, "थोडी म्हणजे किती?"

मी खरेदीदाराला आधीच विचारलं होतं. तो म्हणाला होता, वाट आणि विहीर दोन्ही राहणार असतील तर चाळीसच्या वर नाही, आणि खरं तर मला नकोच. म्हणजे आठ लाख. काकांच्या वाट्याचे अडीच लाखांच्या वर.

"तुला वाटतं मला काकी नकोशी आहे?" काका म्हणाले. "तिच्या हातची घावनं मी तुझ्यापेक्षा जास्त खाल्लीत. पण मग उद्यापासून कुणी कुणाला 'ये' म्हणणार नाही, हे लक्षात ठेव. एकदा 'ये' म्हटलं की तीस वर्षांनी आठ लाख."

हा युक्तिवाद मी हलका समजत नाही. कोकणात त्याला इतिहास आहे. १९४८ चा कूळ कायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कसणारा कायद्याने मालक झाला. आमच्या पणजोबांची भातखाचरं त्यात गेली आणि घरात ती गोष्ट अजून कुणीतरी आपल्याला लुटल्यासारखी सांगितली जाते. मला स्वतःला वाटतं की तो कायदा न्यायाचा होता. पिढ्यानपिढ्या चिखलात उभं राहणाऱ्याचं नाव कागदावर यायलाच हवं होतं. पण त्याची एक सावलीही पडली. 'कूळ लागेल' ही भीती. गावात आजही कित्येक घरं कुलूप लावून पडतात, कौलं ढासळतात, पण कुणा गरजवंताला फुकट राहायला दिली जात नाहीत. कारण राहिला आणि निघालाच नाही तर? प्रत्येक मुभेतून हक्क जन्माला येणार असेल तर मुभा देणारा हात आखडतो. काकांचं म्हणणं हेच होतं आणि ते चूक नाही.

मी स्वतः पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. 'भाड्याच्या' म्हणायचं, पण कागदावर तो 'लीव्ह अँड लायसन्स' आहे, अकरा महिन्यांचा. काकींची मुभा आणि माझा फ्लॅट हे मुळात एकाच कायद्यातल्या एकाच शब्दावर उभे आहेत. तीन वर्षांपूर्वी आधीच्या फ्लॅटच्या मालकांनी मुलाचं लग्न ठरलं म्हणून महिन्याभरात जागा सोडायला सांगितली. मी सोडली. राग आला नाही, कारण कागदावर पहिल्या दिवसापासून तेच लिहिलेलं होतं आणि दुसरा फ्लॅट शोधायला फक्त ब्रोकरेज लागलं. म्हणजे मुभा काढून घेणं हे दर वेळी दुष्टपणाचं नसतं. मग काकींच्या बाबतीत काय वेगळं आहे? मला वाटतं, त्यांना कुणी अकरा महिने सांगितले नव्हते. आजीच्या त्या वाक्याला मुदत नव्हती. उलट त्या वाक्यात ती विहीर आपली नाहीच असं आजी म्हणत होती, आणि काकींनी त्या शब्दावर घर चालवलं. दुसरीकडे कुठे पाण्याची सोय करण्याची जी वर्षं होती, अंगात ताकद होती, नवरा कमावता होता, ती वर्षं त्या शब्दावर विसंबून गेली. मुदत न सांगता दिलेल्या गोष्टीची मुदत नंतर एकट्याने ठरवायची, आणि तीही दुसऱ्याला विकून टाकताना, हे मला खटकत होतं. मालकी आमची असेल. पण तीस वर्षांपूर्वी पडवीतून दिलेली हाक विकायचा अधिकार आम्हाला कुठून आला?

इथपर्यंत मी स्वतःवर जरा खूश होतो. आजी थोर, काकी प्रेमळ, वहिवाट पवित्र. मग बाबांनी सहज म्हणून एक गोष्ट सांगितली आणि ते चित्र तडकलं. त्यांच्या लहानपणी या विहिरीवर गावाबाहेरच्या वाडीतली माणसं येत नसत. म्हणजे येऊ दिली जात नसत. ती कठड्यापासून लांब थांबत आणि आजी किंवा तिची सासू वरून त्यांच्या भांड्यात पाणी ओतत असे. 'ही विहीर काय माझ्या माहेराहून आणलीय' हे वाक्य आजीने सगळ्यांना ऐकवलं नव्हतं.

कोकणात पाण्याबद्दल लिहायचं आणि महाड सोडून द्यायचं, असं करता येत नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्येच झाला होता. कागदावर परवानगी होती, तळ्यावर नव्हती. त्यानंतर सवर्ण कोर्टात गेले, आणि कशाच्या जोरावर? वहिवाटीच्या. आम्ही पूर्वापार त्यांना येऊ देत नाही, ही आमची परंपरा आहे, असं. १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती पूर्वापार परंपरा सिद्ध होत नाही म्हणून दावा फेटाळला. म्हणजे 'आधीपासून असंच चालत आलंय' हा मुद्दा ज्या तोंडाने मी काकींसाठी मांडत होतो, त्याच तोंडाने तो माणसाला पाण्यापासून तोडायलाही मांडला गेला होता. आणि महाडची लढाई ज्याला नकार देत होती ती हीच गोष्ट: कुणाच्या तरी मेहरबानीने वरून ओतलेलं पाणी.

तेव्हापासून मला आजीच्या हाकेबद्दल पूर्वीसारखं भरून येत नाही. ती हाक खरी होती, पण कुणाला मारायची हे तिने निवडलं होतं. मेहरबानीचं हेच असतं. हक्क तेवढ्यासाठीच लागतो, की कुणाच्या निवडीवर आपलं पाणी अवलंबून राहू नये. त्यामुळे काकींना कागद करून द्यायचा हे माझं मत आणखी पक्कं झालं, फक्त कारण बदललं. आधी मला आजीचा शब्द पाळायचा होता. आता मला वाटत होतं की शब्दावर सोडायचीच ही गोष्ट नव्हे.

बाबा तयार झाले. आत्या लगेच तयार झाली. ती म्हणाली, "मला हक्कसोडपत्रावर सही करायला सांगितली होती तेव्हा कुणी असा विचार केला नव्हता. साडी दिली होती. बरं झालं मी केली नाही." हे मला माहीतच नव्हतं. काकांसाठी आम्ही ठरवलं की पडणारी किंमत बाबांच्या वाट्यातून जाईल. मोठेपणा म्हणून हे सांगत नाही. बाबांना पेन्शन आहे, मला पगार आहे, आम्हाला हे तत्त्व परवडतं. काकांना ते परवडत नाही, म्हणून ते कमी चांगले ठरत नाहीत. काका 'बघा तुमचं तुम्ही' म्हणाले आणि महिनाभर फोन आला नाही.

पुण्याच्या माणसाने सभ्यपणे माघार घेतली.

वकिलांनी मसुदा तयार केला. तीन फूट रुंदीची वाट, घरगुती वापरापुरतं पाणी, काकी आणि त्यांच्यामागून त्यांच्या घराचे जे मालक असतील ते. मी तो छापून गावी घेऊन गेलो. मनात कुठेतरी होतं की काकींच्या डोळ्यांत पाणी वगैरे येईल.

त्यांनी चष्मा लावला. सावकाश सगळं वाचलं, ओठ हलवत. मग कागद माझ्याकडे परत केला.

"हे आता देताय म्हणजे आधी दिलेलं नव्हतं का?"

मी समजावत बसलो. नवा मालक, कलम, नोंदणी. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुझ्या आजीनं दिलं ते मी घेतलं. तिच्याकडे आंबे पोचवले, तिच्या दुखण्यात उशाशी बसले. आता हा कागद घेतला तर तेव्हाचं सगळं काय होतं? फुकट होतं?" थोड्या वेळाने, जरा कडक आवाजात, "आणि तीन फूट कुणी मोजले?"

मला उत्तर सुचलं नाही. मी हक्क घेऊन गेलो होतो आणि त्यांना तो नात्याचा हिशेब चुकता केल्यासारखा वाटला. कदाचित दोन्ही खरं असेल. शेवटी त्यांची मुलगी आली, जी रत्नागिरीला बँकेत आहे. तिने मसुदा दोन मिनिटांत वाचला आणि आईला म्हणाली, "आई, मी वाचलंय. सही कर. उद्या पाणी भरायला तू नसशील, मी असेन, आणि मला कुणाच्या आजीनं हाक मारलेली नाही."

काकींनी सही केली. माझ्याशी त्या दिवशी फारसं बोलल्या नाहीत. निघताना मात्र नेहमीसारखी आमसुलांची पुडी हातात ठेवली.

जाहिरात मी पुन्हा टाकली. वाळवी, वीस पावलांवरचा संडास, तीन वर्षांत न परतलेली कौलं, सगळं लिहिलं. 'स्वतंत्र विहीर' मधला 'स्वतंत्र' काढला. खाली एक ओळ वाढवली: "शेजारच्या घराला आगरातून वाट व विहिरीचं पाणी घेण्याचा नोंदणीकृत हक्क आहे." फोटो तोच ठेवला, निळ्या कळशीचा.

दोन महिन्यांत सात जणांनी चौकशी केली. पाच जणांनी ती ओळ वाचल्यावर पुढे उत्तर दिलं नाही. एकाने विचारलं, हा हक्क पैसे देऊन काढून टाकता येईल का. सातवं जोडपं नाशिकचं आहे, शाळेत शिकवतात, निवृत्तीनंतर राहायला जागा बघतायत. त्यांचं बजेट छत्तीसच आहे. बाईंनी परवा मेसेज केला, त्यात किमतीबद्दल काही नव्हतं. विचारलं होतं, त्या शेजारच्या काकी दिवसातून किती वेळा येतात?

मी लिहिलं, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मे महिन्यात जास्त.

निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून यायचंय.